इर्विनला किती फूट झाले की तुमच्या जोत्याला पाणी लागतं? सांगलीच्या पातळ्यांची यादी करू या

उंबरा_सांगली

मंडळी,

सांगलीत जागा बघणाऱ्याला आता माहितीची ददात नाही. सातबारा मोबाइलवर दिसतो. महाभूनकाशावर गट सापडतो. सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीचा उतारा, काढली की शेजारचा प्लॉट कितीला गेला ते कळतं. महारेराचा नंबर असला तर मंजूर नकाशासुद्धा घरबसल्या बघता येतो. एवढं सगळं चाळून माणूस टोकन देतो, आणि या गावात ज्या आकड्याशी सगळ्यात जास्त गाठ पडणार तो आकडा यातल्या एकाही कागदावर नसतो.

कृष्णेवरच्या इर्विन पुलाच्या पट्टीवर ४० फूट पाणी म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २००५ ला पाणी ५४ च्या जवळ गेलं, २०१९ ला साडेसत्तावन्नला टेकलं, २०२१ ला परत ५५ च्या घरात आलं. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं गाव याच फुटांत बोलतं. पण व्यवहाराच्या वेळी कुणी हे फूट विचारत नाही. "पूरपट्ट्यात येत नाही हो" या एका वाक्यावर जन्माची कमाई लागते.

म्हणून मला एक सार्वजनिक यादी करायची आहे. गल्लीचं किंवा चौकाचं नाव, आणि तिथल्या जोत्याची पातळी इर्विनच्या फुटांत. बस्स.

हिशोब सोपा आहे. समजा तुमच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण जोत्यापासून ५ फुटांवर आहे. त्या वेळी इर्विनला ५७.५ होते, म्हणजे तुमचं जोतं ५२.५ वर. आता २०२१ ची खूण मोजा, ती साधारण अडीच फुटांवर असायला हवी. दोन्ही खुणांचं उत्तर जुळलं तर आकडा विश्वासाचा. चार-सहा इंचांहून जास्त फरक आला तर एक तर खूण चुकीची आहे, नाही तर तुमच्याकडे पाणी नदीतून थेट येत नाही, भलत्याच वाटेने येतं. तीही माहितीच.

रंग दिल्यामुळे खुणा पुसल्या असतील तर जिन्याची भिंत, मीटरच्या पेटीमागची जागा, जुन्या कपाटाची पाठ बघा. पाणी उतरताना तिथे रेघ राहते.

ज्यांच्याकडे खूण आहे त्यांनी लिहा. पद्धतीत खोट दिसली तर तीही सांगा.

पुण्यातला_मिरजकर

कल्पना आवडली, पण एकविसाव्या शतकात भिंतीवरच्या रेघा कशाला मोजायच्या? उपग्रहाचा उंचीचा डेटा फुकट आहे. अख्ख्या महापालिका क्षेत्राचं उंचीचं मॉडेल उतरवून घ्यायचं, त्यात इर्विनची पातळी टाकायची, प्रत्येक फुटाला कुठे पाणी येईल ते नकाशावर निळं दिसेल. मी एका शनिवार-रविवारात करून देतो. पत्ता टाकला की उत्तर, असं अ‍ॅपही होईल. घरोघरी टेप घेऊन हिंडायची गरजच नाही.

लेव्हल_धरा

मिरजकर, उत्साह चांगला आहे पण थोडं थांबा. आयुष्यभर मोजणीचंच काम केलं, म्हणून बोलतो.

फुकटात मिळणाऱ्या उंचीच्या मॉडेलचा एक चौकोन साधारण ३० मीटर बाय ३० मीटरचा असतो. म्हणजे ९०० चौरस मीटर, आपल्या भाषेत जवळजवळ ९ गुंठे. नऊ गुंठ्यांत शामरावनगरात किती प्लॉट बसतात ते मोजा, त्या सगळ्यांना मिळून एकच उंची. त्यातलं बऱ्याच जणांनी वापरलेलं जे मॉडेल आहे त्याची मोजणी अंतराळयानातून फेब्रुवारी २००० मध्ये झाली. त्यानंतर या गावात किती भराव पडला? शिवाय रडारला जे वर दिसतं त्याची उंची येते, म्हणजे कुठे छप्पर, कुठे चिंचेचं झाड. उभ्या दिशेची चूक काही मीटरमध्ये असते. आपल्याला इथे अर्ध्या फुटाचा प्रश्न सोडवायचा आहे.

मोबाइलवर उंची बघून लिहिणारे येतील, त्यांनाही आधीच सांगतो. मोबाइलचा जीपीएस उंचीत सहज पाच-दहा मीटर इकडे-तिकडे होतो. काही अ‍ॅप तर समुद्रसपाटीपासूनची उंची देतच नाहीत, पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची देतात. आपल्या भागात या दोन्हींत पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो. दोघांनी दोन अ‍ॅप वापरली तर एकाचं घर दुसऱ्याच्या घरापेक्षा पंधरा मजले खाली जाईल.

भिंतीवरची रेघ या सगळ्यांपेक्षा अचूक आहे. पाण्यासारखी लेव्हल कुठल्याच यंत्राला लावता येत नाही.

पुण्यातला_मिरजकर

काका, मान्य. निदान पुराचा विस्तार तरी उपग्रहावरून मिळेल ना? सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून आरपार बघतं, चित्रंही फुकट असतात, चौकोन १० मीटरचा.

लेव्हल_धरा

मिळेल, शिवारात. कर्नाळ, पद्माळे, मौजे डिग्रज, तिकडच्या उसाच्या पट्ट्यात पाणी कुठवर पसरलं ते छान दिसतं. पण दोन अडचणी. तो उपग्रह त्याच जागेवरून दर काही दिवसांनी जातो, पूर शिगेला असेल त्याच तासाला तो वर असेल याचा भरवसा नाही. दुसरं म्हणजे दाट वस्तीत रडारची लाट भिंतीवर आपटून परत जाते, त्यामुळे गल्लीतलं पाणी कोरड्या जमिनीसारखं दिसू शकतं. खणभागातली गल्ली त्यात शोधू नका. बाकी ती चित्रं काढून ठेवा, पुढे उपयोग आहे.

खणभाग_चौथा_माळा

आमच्याकडे फूट पाठच असतात, त्याचं कुणाला नवल नाही. चाळिसाची बातमी आली की गाडी विश्रामबागला बहिणीकडे नेऊन लावायची. पंचेचाळिसाला सिलिंडर वर, तांदळाचे डबे वर. पन्नास म्हटलं की फ्रिज दोरखंडाने जिन्यातून वर ओढायचा, तोसुद्धा लाइट असतानाच, कारण नंतर अंधारात पाय घसरतात. हे सासूबाईंनी शिकवलं. वाड्याच्या दिंडीदरवाजावर २००५ चा खिळा आहे, त्याच्या वर २०१९ चा.

मोजलं आज. २०१९ चा खिळा ओट्यापासून ६ फूट २ इंच. २०२१ ची रेघ ३ फूट ७ इंच. आता तुम्हीच बसवा.

एक सांगते. त्या याद्या फिरतात ना व्हॉट्सअ‍ॅपवर, 'अमुक फुटाला अमुक भागात पाणी', त्या आमच्या काही कामाच्या नाहीत. एकाच गल्लीच्या दोन टोकांत दोन फुटांचा फरक आहे. आमच्या कोपऱ्यावर पाणी आलं तेव्हा वरच्या टोकाला पोरं क्रिकेट खेळत होती.

उंबरा_सांगली

ताई, पहिली नोंद तुमची. २०१९ वरून ५१.३, २०२१ वरून ५१.४. एका इंचाचा फरक. ५५ हा आकडा मी ढोबळ धरलाय, तरी इतकं जुळलं.

प्रॉपर्टी_कट्टा

धागा वाचला. मी या व्यवसायात आहे म्हणून स्पष्ट बोलतो. ही यादी बाहेर आली की अर्ध्या गावाचे भाव पडतील. ज्याचं सगळं आयुष्य एका घरात अडकलंय त्याचं काय? त्याने कुठे जायचं? तुम्ही विश्रामबागेत बसून याद्या करणार आणि गावभागातला माणूस दहा वर्षं गिऱ्हाईक शोधत बसणार. पूर आला नाही तरी तुमचा डेटा त्याला बुडवेल.

उंबरा_सांगली

मुद्दा खरा आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. पण मला सांगा, गावभागातल्या घराचा भाव आज पुराशिवाय ठरतो का? इथल्या माणसाला सगळं माहीत असतं, तो घासाघीस करताना पुराचेच पैसे कमी करतो. माहीत नसतं ते बाहेरून आलेल्याला. जतहून, आटपाडीहून आलेला शिक्षक, बँकेत बदलून आलेली बाई, पुण्याहून परतणारे निवृत्त. तुमच्या धंद्यात आज पुराची किंमत फक्त तेच पूर्ण मोजतात, कारण त्यांना कुणी सांगत नाही.

आणि यादीने काहींचे भाव वाढतीलही. सगळा परिसर 'पूरग्रस्त' या एकाच शिक्क्याखाली जातो तेव्हा त्यातलं ५६ फुटांवरचं घरही ४८ च्या भावात जातं.

प्रॉपर्टी_कट्टा

शेवटचा मुद्दा पटला. पहिल्यावर माझं मत बदललेलं नाही.

भिडे_पूल_नव्हे_इर्विन

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची कमी करा, सगळे फूट आपोआप कमी होतील. मूळ रोगावर बोला.

उंबरा_सांगली

त्यावर वेगळे धागे आहेत, तिथे जोरात चालू द्या. पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने काय म्हटलं आणि ते कुणाला का पटलं नाही, ही चर्चा इथे सुरू झाली तर जोतं बाजूलाच राहील. धरणाचं काहीही होवो, तुमची पायरी आहे तिथेच आहे.

हरिपूर_घाट

आमच्याकडे हा हिशोब गंडतो राव. संगम आमच्या दारात. वारणेला पाणी जास्त असलं की इर्विनला तेवढेच फूट असूनसुद्धा इकडं पाणी जास्त चढतं. चांदोलीतून किती सोडलंय हे बघितल्याबिगर आम्ही सामान हलवायचं ठरवतच नाही. तुमच्या यादीत आमचा आकडा घातला आणि त्यावर कुणी विसंबला तर लोच्या होईल.

लेव्हल_धरा

हे महत्त्वाचं आहे. कुणी वगळून जाऊ नये म्हणून लांब लिहितो.

पूर म्हणजे बशीतलं पाणी नव्हे. वाहत्या नदीच्या पाण्याला उतार असतो. इर्विनला ५० फूट असताना नदीच्या वरच्या बाजूला आणि खाली हरिपूरला पाण्याचा पृष्ठभाग एकाच पातळीत नसतो. संगमाजवळ तर दोन नद्यांचं भांडण असतं, कुठली तुंबवते आणि कुठली तुंबते ते दरवेळी बदलतं. म्हणून 'इर्विनचे फूट' हे माप पुलाच्या आसपासच्या गावठाणाला चांगलं लागू पडतं, आणि जसजसे लांब जाल तसतसं सैल होत जातं.

उपाय असा की दोन पुरांची खूण असल्याशिवाय नोंद घ्यायची नाही. हरिपूरसाठी २००५, २०१९, २०२१ तिन्ही खुणा मागा. तिन्हींचं उत्तर वेगवेगळं आलं तर एक आकडा न लिहिता 'एवढ्यापासून एवढ्यापर्यंत' असं लिहा. लोकांना एकच आकडा हवा असतो हे मला माहीत आहे, तरी देऊ नका.

शामरावनगर_रहिवासी

आमच्याकडं नदी येतच नाही ओ. तरी दरवर्षी गुडघाभर पाणी. मोठा पाऊस झाला की काळ्या रानात पाणी मुरत नाही आणि जायला वाट नाही. शेरी नाला काय, बाकीचे नाले काय, नदी वर आली की त्यांची तोंडं बाहेरून दाबली जातात, गावातलं पाणी बाहेर जाईना. इर्विनला ३५ असताना आमच्या मोरीतून पाणी उलटं घरात येतं. पूररेषेच्या नकाशात आम्ही कोरडे. बिल्डरनं नकाशा दाखवला, रेषेच्या बाहेर आहे म्हणाला, आणि ते खरंच होतं. आता त्याला काय बोलायचं?

आणखी एक. आमच्या गल्लीत दरवेळी डांबर ओततात, जुनं खरवडत नाहीत. मी घर बांधलं तेव्हा रस्त्यापासून दोन पायऱ्या चढायच्या होत्या. आता रस्त्यावरून घरात उतरतो. नवीन बांधणारे त्याच्याही वर भराव टाकून जोतं घेतात, म्हणजे त्यांचं पावसाचं पाणी आमच्याकडं.

उंबरा_सांगली

तुमच्या पोस्टने यादीत तीन रकाने वाढवले. पाणी नदीचं की पावसाचं. मोरीतून उलटं येतं का. आणि जोतं रस्त्यापेक्षा किती वर किंवा खाली, कुठल्या साली मोजलं. शेवटचा रकाना दर वर्षी नव्याने भरावा लागेल असं दिसतंय.

नकाशा_पास_करून_द्या

मी वास्तुविशारद, मिरज. पूररेषेबद्दल बराच गोंधळ असतो म्हणून थोडक्यात.

निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. डिसेंबर २०२० पासून बहुतेक राज्याला जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे तिच्याप्रमाणे नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवीन बांधकाम नाही. बाग, पार्किंग, ओट्यांची मंडई, स्मशानभूमी असल्या गोष्टी चालतात. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर, म्हणजे दीड फूट.

गंमत इथेच आहे. नियम पातळीबद्दल बोलतो आणि लोक रेषेबद्दल. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण विचारतो, "प्लॉट लाल रेषेच्या आत की बाहेर?" त्याने विचारायला हवं ते असं: "माझ्या प्लॉटपाशी लाल रेषेची पातळी किती मीटर, आणि माझी जमीन किती मीटर?" रेषेच्या बाहेर वीतभर अंतरावर असलेला प्लॉट आणि आत वीतभर असलेला प्लॉट यांना पाणी सारखंच लागतं. कागदावर मात्र एकाला दीड फूट चढवायची सक्ती आणि दुसऱ्याला काहीच नाही.

आणि घर चढवलं म्हणजे भागलं असंही नाही. वर जोतं आणि खाली लिफ्टचा खड्डा, मीटरची खोली, बोअरची मोटर, जमिनीखालची पाण्याची टाकी. पूर ओसरल्यावर पंधरा दिवस लोक वरच्या मजल्यावर असतात ते पाणी आणि वीज नाही म्हणून. मीटर पहिल्या मजल्यावर घ्या, टाकीचं झाकण आणि हवेची नळी वर काढा, ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा. शामरावनगरवाले, तुमच्या मोरीला सगळ्यात आधी हाच लागतो. त्यावर झालेला खर्च वसूल होतो, फक्त दर उन्हाळ्यात उघडून साफ करायला विसरू नका, कचरा अडकला की तो बंदच होत नाही.

गणित_तास_दुसरा

'१०० वर्षांतून एकदा' या शब्दांनी फार घात केलाय. लोकांना वाटतं २०१९ ला येऊन गेला, आता नातवंडांच्या वेळी येईल. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता, एवढाच. गेल्या वर्षी आला की नाही याच्याशी यंदाचा संबंध नाही.

आता गृहकर्जाच्या मुदतीत बसवू. वीस वर्षांचं कर्ज धरा. दर वर्षी १ टक्का, तर वीस वर्षांत निदान एकदा तो पूर येण्याची शक्यता १८ टक्के. निळ्या रेषेचा पूर दर वर्षी ४ टक्के, तर वीस वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के. म्हणजे हप्ते फिटायच्या आत पाणी बघायचंच, याकडे पारडं झुकलेलं. दहावीच्या मुलांना सोडवायला दिलं होतं, 'न येण्याची' शक्यता वीस वेळा गुणायची आणि एकातून वजा करायची. एका मुलीने घरी जाऊन वडिलांना दाखवलं. वडील नंतर शाळेत भेटायला आले, आधी वाटलं तक्रार घेऊन आलेत. ते विचारत होते, तीस वर्षांचं किती होईल?

(लाल रेषेचं २६ टक्के. निळ्याचं सांगितलं नाही, त्यांचा चेहरा बघून. ते ७१ आहे.)

आणि हे टक्केसुद्धा मागच्या नोंदींवरून काढलेले. २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर सतरा पावसाळ्यांत आले तर मागच्या नोंदींवरून काढलेल्या रेषा पुढे किती टिकतील, हा प्रश्न गणिताबाहेरचा आहे.

पुण्यातला_मिरजकर

हे माझ्या ऑफिसच्या भिंतीवर लावतोय.

लेव्हल_धरा

जागा घेणाऱ्यांसाठी अजून एक, आणि याला इंटरनेटही नको. गाव नकाशा बघा. जुना. सर्व्हे नंबरांच्या मधून दुहेरी रेघांनी जाणारा ओढा त्यात दाखवलेला असतो, आणि त्या पट्ट्याला सर्व्हे नंबर नसतो. आज तिथे जाऊन बघाल तर ओढा दिसणार नाही. पत्र्याचं शेड दिसेल, मंगल कार्यालय दिसेल, गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी विकलेल्या प्लॉटांची, कॉलनी दिसेल. पण पाणी त्या रेघेला विसरलेलं नसतं. सांगली-कुपवाडच्या गुंठेवारीत हे फार. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, पुढे मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतचे प्लॉट नियमित करायची सोय झाली. नियमित झालं म्हणजे कागद शुद्ध झाला, जमीन होती तेवढीच खोल राहिली.

मात्र गाव नकाशा गुगलच्या चित्रावर चढवून "ओढा बरोबर तुमच्या स्वयंपाकघरातून जातो" असं शेजाऱ्याला सांगायला जाऊ नका. जुने नकाशे साखळीने मोजून, जागेवरच मांडलेल्या मोजणीच्या फळ्यावर काढलेले आहेत, त्यांचे कागद आक्रसलेले आहेत. संगणकावर बसवताना पाच-दहा मीटर सहज सरकतात. नेमकी हद्द हवी तर हद्द कायमची मोजणी मागवा, आता रोव्हरने, म्हणजे उपग्रहाच्या आधारे मोजणाऱ्या यंत्राने, होते, आणि मोजणीच्या नकाशाची क-प्रत मिळते. संगणकावरचा चढवलेला नकाशा शंका घ्यायला पुरेसा आहे, कोर्टात जायला नाही. मी असे दोन भाऊ पाहिलेत जे मोबाइलच्या स्क्रीनवरून एकमेकांशी बोलायचे बंद झाले.

अ‍ॅमस्टरडॅमहून_तासगावकर

इथे नेदरलँड्समध्ये देशभर भिंतींवर, पुलांवर धातूच्या खुणा ठोकलेल्या असतात, प्रत्येकीची एका समान शून्यापासूनची उंची जाहीर असते. वर विमानातून लेझरने अख्ख्या देशाची उंची मोजून तो डेटा सगळ्यांना फुकट दिलाय, आणि ठरावीक वर्षांनी परत मोजतात. एएचएन म्हणतात त्याला. घर घेणारा सहज बघतो. भावांचं काय झालं असं मला इथे कुणी विचारत नाही, कारण लपवायला काही उरलेलंच नाही. सांगलीसाठी लेझरची मोजणी कुणी करून ठेवली असेल तर ती लोकांना खुली करा, ही मागणी मात्र लावून धरा.

उंबरा_सांगली

लावून धरू. पण ती येईपर्यंत खिळे आहेत.

कायद्याचं_बोला

एक खबरदारी. यादीत घर नंबर, मालकाचं नाव, फोटो असं काही टाकू नका. गल्लीचा कोपरा, चौक, मंदिर, शाळा असे सार्वजनिक बिंदू ठेवा. एखाद्याचं घर विकायला निघालंय आणि तुमच्या यादीत त्याच्या नावापुढे ४७ आलं, तर भांडण तुमच्या दारात येईल, आणि तुमच्या आकड्यात अर्ध्या फुटाची चूक निघाली तर अजूनच. भाडेकरूंनी खुणा मोजल्या तर मालकाला त्रास झाला म्हणून घर खाली करायला सांगतील, असंही होऊ शकतं. प्रत्येक नोंदीशेजारी 'कशावरून' हा रकाना हवाच: खूण बघून, आठवणीवरून, की लेव्हलने मोजून.

खणभाग_चौथा_माळा

आठवणीवरून घेऊच नका. आमच्या शेजारच्या काकांच्या आठवणीत २०१९ चं पाणी दर वर्षी अर्धा फूट चढतं.

प्रॉपर्टी_कट्टा

बिंदू सार्वजनिक ठेवणार असाल तर माझा विरोध मागे. फक्त एक विचारतो. गल्लीच्या कोपऱ्याची पातळी मिळाली, पुढे गिऱ्हाइकाने प्लॉटपर्यंत ती न्यायची कशी? त्याच्याकडे कुठली दुर्बीण.

लेव्हल_धरा

गवंड्याकडे असते ना पारदर्शक नळी, पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवतात ती. वीस-पंचवीस मीटरपर्यंत ती उत्तम. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, एवढंच. लांब न्यायचं असेल तर ऑटो लेव्हल भाड्याने मिळते, कुठलाही सर्व्हेअर अर्ध्या दिवसात पातळी नेऊन देईल. त्याला एकच सांगायचं, निघालास त्या बिंदूवर परत येऊन आकडा जुळव. साध्या लेव्हलिंगला अंतराच्या किलोमीटरचं वर्गमूळ गुणिले २४, इतके मिलिमीटर चूक चालते. चार किलोमीटर फिरून आलात तर ४८, म्हणजे दोन इंच. त्याच्या आत नसेल तर परत करायला लावा, पैसे त्यानंतर.

प्रॉपर्टी_कट्टा

हे मी माझ्या गिऱ्हाइकांना स्वतःच करून देऊ शकतो की. धंद्याला बरंच आहे.

हरिपूर_घाट

बघा, काट्याला काटा.

पुण्यातला_मिरजकर

अ‍ॅप बाजूला ठेवलं. साधी शीट केली आहे: बिंदू, कुठला पूर, खुणेची उंची, इर्विनवरून आलेला आकडा, कशावरून, पाणी नदीचं की पावसाचं, मोरी, रस्ता आणि साल. एकाच बिंदूच्या दोन खुणांचा फरक सहा इंचांहून जास्त झाला की ओळ पिवळी होते. बदल कुणी केला तेही दिसतं. आत्ता त्यात नऊ ओळी आहेत, त्यातल्या चार पिवळ्या. तीन हरिपूरच्या, ते समजू शकतो. चौथी मारुती चौकाजवळची आहे, तिथे २००५ आणि २०१९ जुळतात पण २०२१ चा आकडा जवळजवळ फूटभर वर येतो. का?

शामरावनगर_रहिवासी

२०२१ च्या वेळी पूर यायच्या आधी आपल्याकडंच धो धो पाऊस झाला होता. आतलं पाणी आधीच साठलेलं असेल तिथं.

लेव्हल_धरा

तसं असतं तर खूण वर गेली असती आणि आकडा खाली आला असता, इथे उलट आहे. कदाचित २०१९ नंतर तिथे फरशी वर घेतली असेल आणि २०२१ ची खूण नव्या फरशीपासून मोजली असेल. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. रविवारी सकाळी मी लेव्हल घेऊन येतो, पुलापासून सुरुवात करू आणि मारुती चौकापर्यंत नेऊ. मला पट्टी धरायला दोघं हवीत, आणि वाहनं कमी असताना, म्हणजे साडेसहाला.

खणभाग_चौथा_माळा

मी आणि धाकटा येतो. त्याच्या हातात पट्टी सरळ राहील याची खात्री देत नाही.

लेव्हल_धरा

पट्टीला बुडबुडा लावलेला आहे, तो मध्ये ठेवायचा एवढंच काम. मारुती चौकातल्या त्या दुकानदाराला कुणी ओळखत असेल तर आधी बोलून ठेवा. खूण शटरच्या आत आहे असं शीटमध्ये लिहिलंय, आणि रविवारी तो अकराच्या आधी उघडत नाही.